डाव्या कानातलं गाणं

"पंखा बंद केला, खिडकी बंद केली, आता दार बी लावा. गानं म्हनायचं का उकडून मरायचं?"

ही कुरकुर माझ्या डाव्या कानात झाली, अगदी पाळीला ओठ टेकवून कुणी बोलावं तशी. मी दचकून मागं बघितलं. मागं प्लायवूडची भिंत, भिंतीला ठोकलेली जुनी गादी आणि गादीवर टांगलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. खोलीत मी एकटीच होते. कुरकुरणारी बाई कुरकुरली होती पंचवीस वर्षांपूर्वी, बेळगावातल्या कुणाच्या तरी माडीवर, आणि तिचं उकडणं आत्ता माझ्या हेडफोनपर्यंत पोचलं होतं.

आमचं दुकान गडहिंग्लजला. शेवटची कॅसेट विकून कित्येक वर्षं झाली तरी पाटी 'पद्मावती कॅसेट सेंटर' अशीच आहे, कारण पाटी बदलायची म्हणजे शिडी आणायची, आणि शिडी शेजारच्यांची आहे. पुढं आमचे हे मोबाइलची कव्हरं विकतात. मागं, जिथं पूर्वी कॅसेटींचे खोके असायचे, तिथं मी लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरात भरून देते. हे मला कुणी शिकवलं नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला लग्न झालं आणि दुसरं वर्ष आलंच नाही. पुढं मुलगा हॉस्टेलला गेला तेव्हा त्याच्या अर्ध्या कोऱ्या वह्या घेऊन बसले, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघत न कळलेले शब्द उतरवत गेले आणि एकेक शब्द फोडत गेले. पहिल्या वर्षी हे त्याला 'हेमाचा खेळ' म्हणायचे. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक आत पाठवायला लागले.

ती कॅसेट आणली होती उत्तम खोराटे सरांनी. हायस्कूलला गणित शिकवतात. स्टीलच्या डब्यात, डब्यात रुमाल, रुमालात कॅसेट, अशी आणली, जशी काही फुटणारच होती. त्यांची आई मालूबाई. आमच्या भागात मालूबाई खोराटे कोण हे सांगावं लागत नाही. त्यांच्या गवरीच्या गाण्यांची कॅसेट त्र्याण्णव साली निघाली, हिरव्या लुगड्यात नथ घातलेला त्यांचा फोटो वर. मी नवी नवरी होते तेव्हा ह्याच काउंटरवरून ती विकलेली आहे. भाद्रपदात गवर आली की गल्लीगल्लीत तीच वाजायची. कुठल्याशा समारंभात त्यांना शाल-नारळ मिळाला, शेजारच्या तालुक्यातून झिम्म्याच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी यायची.

"ही विकायची कॅसेट नव्हं," सर म्हणाले. "ही मूळ. हिच्यावरनं बाकीच्या काढल्या. आईच्या ट्रंकेत सापडली."

वर छापील कागद नव्हता. बॉलपेननं नुसतं 'मूळ' लिहिलेलं.

सरांच्या मनात होतं ते साधंच होतं. पुण्याच्या लेकीनं सुट्टीत येऊन आजीला मोबाइलवर सगळ्या जगाची गाणी लावून दाखवली, आणि आजीनं विचारलं, ह्यात माझं लाव की. सापडलं नाही. म्हातारी त्या रात्री जेवली कमी. मग म्हणाली, मी गेल्यावर वाजवायला टेप तरी कुठं ऱ्हानार. वय शहात्तर, उजवा कान पूर्ण गेलेला, डावा जायच्या वाटेवर. सरांना गवरीच्या दिवशी तिच्यासमोर मोबाइल धरून तिचं नाव आणि तिचं गाणं दाखवायचं होतं. गवर यायला अठरा दिवस होते, आणि गाणी सगळ्या अॅपवर पोचवणारी जी कंपनी होती तिला दहा दिवस लागायचे.

म्हणून आधी आम्ही फॉर्म भरायला घेतला. मुख्य कलाकार: मालूबाई खोराटे. सहकलाकार: कव्हरवर होतं तसं मी 'आणि सहकारी' टाइप केलं, तर कॉम्प्युटर लाल झाला, त्याला नावं पाहिजेत. सरांनी बोटांवर चार बायकांची नावं मोजून सांगितली आणि अंगठ्यापाशी थांबले.

"पाचवी?"

"पाचवी आमची काकी. सगुणाकाकी. पण ती नुसती सोबतीला गेलेली."

मग आलं गीतकार. सर लगेच म्हणाले, पारंपरिक. संगीतकार? तेही तसंच. मी त्यांना समजावलं की पारंपरिक लिहिलेलं चालतं, पण नीट विचार करून सांगा, कारण हा फॉर्म एकदा गेला की तीच नावं सगळीकडे जाऊन बसतात, आणि मग ती बदलायची म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याइतकंच सोपं. सर नुसते हसले. उठताना एवढंच म्हणाले, "शाळेच्या टेपवर लावून बघितली तर मधी मधी कोनतरी फुसफुस करतंय. तेवढं काढून टाका वैनी. आईचा आवाज स्वच्छ ऱ्हाऊ दे."

मी टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं, कॅसेट एकदा पुढं एकदा मागं फिरवून सैल केली, आणि भरायला लावली. तेव्हा ती पंख्याची कुरकुर ऐकली.

स्टीरिओ आवाज कॉम्प्युटरात दोन पट्ट्यांत दिसतो. वरची डाव्या कानाची, खालची उजव्या कानाची. माडीवर ज्या माणसानं रेकॉर्डिंग केलं, त्यानं दोन माईक लावले असणार, एक मालूबाईंच्या पुढं, एक मागं झील धरणाऱ्या बायकांत. मालूबाई खालच्या पट्टीत होत्या, जाड, भरघोस लाटा. वरच्या पट्टीत झील यायची तेवढी दाटायची, एरवी बारीक रेघ. मी ती रेघ मोठी करून बघितली. ती रेघ नव्हती. प्रत्येक ओळीच्या आधी वरती एक बारीक लाट उठत होती, आणि ती संपता संपता खालची जाड लाट सुरू होत होती. आधी बारीक, मागनं जाड. पहिल्या गाण्यात असंच, दुसऱ्यात असंच, सहाही गाण्यांत असंच.

मी उजवी बाजू बंद करून नुसती डावी ऐकली. कुणीतरी बाई हलक्या आवाजात पुढची ओळ सांगत होती. नुसते शब्द नाही, चालीसकट. कुठं लांबवायचं, कुठं आखडायचं, तेही. पंख्यावर कुरकुरलेला आवाज तो हाच. कॅसेटी काढताना त्या माणसानं ही बाजू गाळून नुसती उजवीच दोन्हीकडं भरली असावी, म्हणून आम्ही विकलेल्या एकाही कॅसेटीत ती नव्हती.

शेवटचं गाणं सगळ्यांत गाजलेलं. गवर माहेराला येते, पण बैलगाडीतनं नव्हे:

यष्टीतनं उतरली गवर बाई,
हातात पिशवी न्हाई

त्या गाण्यात अखेरीला एक जागा अशी होती की वरची लाट उठली, दोन ओळींएवढी चालली, आणि खाली काहीच उठलं नाही. कोरं. एक टाळी जाईल एवढा वेळ सगळं थांबलेलं, आणि मग मालूबाईंनी पुन्हा पहिलीच ओळ घेतली. मी ती जागा चार वेळा ऐकली, आणि हेडफोन काढून पुढं जाऊन यांच्याजवळ उगीच बसले. काय झालं म्हणून यांनी विचारलं. काही नाही म्हटलं.

आता अॅपवर गाण्याबरोबर शब्दही दिसतात, ते मला टाइप करून द्यायचे होते. शब्द कॅसेटीत होतेच. तरी ते विचारायला म्हणून मी रविवारी त्यांच्या वाडीला गेले.

मालूबाई सोप्यात बसल्या होत्या, सरळ पाठीच्या, अजून फोटोतल्यासारख्याच. मी उजवीकडं बसायला गेले तर हातानं खूण केली. "हिकडं बसू नगासा. ह्यो कान नुसती जागा अडवून ऱ्हायलाय." त्यांच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून, एक बारकीशी बाई घेवडा सोलत बसली होती. ती सरकली आणि मला जागा केली, पण स्वतः डावीकडंच राहिली. कपाळ रिकामं. ह्या सगुणाबाई, धाकट्या जाऊ. मला नंतर कळलं की गेली कित्येक वर्षं त्यांची जागा तीच, मालूबाईंच्या डाव्या कानापाशी. गल्लीत कुणी काही बोललं की त्या परत मोठ्यानं सांगणार.

मी वही काढली. मालूबाईंनी पहिल्या गाण्याची पहिली ओळ ठसक्यात म्हटली. आवाज थकलेला, पण उभा होता. ओळ झाली आणि त्या थांबल्या. घेवड्याच्या शेंगेवरनं नजर न काढता सगुणाबाईंनी पुढची ओळ पुरवली. मालूबाईंनी ती म्हटली. मी लिहिली. आम्ही तिघींनी अशीच पहिली पाच गाणी पार केली, आणि त्यात काही वेगळं घडतंय असं त्या दोघींना वाटत नव्हतं. सरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तिलाही वाटलं नाही. फक्त सर उठून मोटारसायकल पुसायला अंगणात गेले, ती आधीच पुसलेली होती.

सहाव्या गाण्याला मी म्हटलं, "मला एक कळत नाही. सरांनी पारंपरिक लिहायला सांगितलंय. मग पारंपरिक गाण्यात यष्टी कशी आली?"

मालूबाईंना ऐकू आलं नाही की कसं, त्या अंगणातल्या कोंबडीकडं बघायला लागल्या.

"गवर म्हातारी झाली की," सगुणाबाई म्हणाल्या. "चालंल किती?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण ते त्यांनी घेवड्यात लपवलं. मी लिहीत गेले. यष्टीतनं उतरल्यावर गवरीला चिंच लागते, मग पत्र्याची शाळा, मग ओढ्यावरचा मोडका पूल. ही वाट कुठली, मी विचारलं.

"माज्या म्हायेरची," सगुणाबाई बोलून गेल्या. आणि सालं टाकायच्या निमित्तानं उठल्या.

मला पोचवायला थांब्यापर्यंत त्याच आल्या. थांबा म्हणजे एक दगड आणि एक बोरीचं झाड. सरांच्या आईचं काम होतं, त्यात मी बोलायला नको होतं. तरी बोलले. म्हटलं, मूळ कॅसेटीत डाव्या बाजूला तुम्ही आहात. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्यांनी रस्त्यावर यष्टी दिसते का बघितलं. मग विचारलं, "पुसता येतंय न्हवं?"

येतं, मी म्हटलं.

"मग पुसा."

मी फॉर्मबद्दल सांगितलं. गीतकाराची जागा आहे, तिथं नाव लिहिता येतं, आत्ता नाही लिहिलं तर पुढं कायमचं पारंपरिक. त्यांनी मला जे सांगितलं ते असं तुटक तुटक, मधे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत सांगितलं. त्या साली त्यांचे मालक जाऊन आठच महिने झाले होते. गवर म्हणजे सवाष्णींचा सण. कुंकू नसलेल्या बाईनं फेरात उभं राहायचं नाही, गवरीचं गाणं म्हणायचं नाही, आणि तिचं नाव छापलेली गवरीची कॅसेट कोण घरात घेणार? बेळगावला न्यायलाच घरात कुणी तयार नव्हतं. मालूबाई अडून बसल्या, की सगुणी येणार नसेल तर मीही जात नाही. सासूनं त्यांना चार दिवस वाढलं नाही. "आक्कानं नेलं मला. लोकास्नी दिसू न देता मागं हुबं केलं, पर नेलं. ह्येच लई. आता म्हातारपनी तिच्या तोंडातनं घास काढू व्हय मी?"

मी म्हटलं, शेवटच्या गाण्यात एक कडवं तुम्ही सांगितलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"ऐकू आलं नसंल."

"तेव्हा तर त्यांचा कान धड होता."

सगुणाबाईंनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"आली बगा तुमची यष्टी," त्या म्हणाल्या.

यष्टी अजून वळणावर होती.

पुढचे चार दिवस मी दोन फायली करत बसले. एक होती तशी. दुसरी साफ केलेली, डावीतली फुसफुस काढून, झिलेच्या जागा तेवढ्या ठेवून. हे काम अवघड नाही. अॅपवर गाणं जातं तेव्हा यंत्रही असंच काहीसं करतं. एका मोठ्या आवाजाच्या सावलीत जो बारका आवाज असतो, तो तसाही कुणाला ऐकू येणार नाही असं धरून गाळून टाकतं, म्हणजे फाइल हलकी होते. माझ्या वहीत मी हे कधीच लिहून ठेवलं होतं, आणि पुढं कंसात 'हुशार!' असंही लिहिलं होतं. त्या चार दिवसांत ते पान मी दोनदा उघडलं. साफ केलेली फाइल सुरेख झाली. यांना ऐकवली तर म्हणाले, कालच गायल्यासारखं वाटतंय. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

शेवटचा दिवस गुरुवार. फॉर्म त्या संध्याकाळच्या आत गेला तरच गवरीला गाणं लागणार होतं. मुख्य कलाकाराची सही पाहिजे म्हणून सर आईला घेऊन आले. सगुणाबाईही आल्या, कारण मालूबाई गाडीत डाव्या हाताला त्या असल्याशिवाय बसत नाहीत. एवढ्याशा खोलीत आम्ही चौघं. सर दाराच्या चौकटीत उभे, मालूबाई खुर्चीत, सगुणाबाई गादीच्या भिंतीला लागून स्टुलावर.

मालूबाईंना कॉम्प्युटर जवळून बघायचा होता. एवढ्याशा डब्यात आवाज बसतो कसा, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्यानं त्यांच्या डाव्या कानात सांगितलं, ठिपक्यांची रांगोळी काढता ना? आधी ठिपके, मग ठिपक्याठिपक्यांतनं रेघ फिरवली की कमळ होतं. तसंच. हे यंत्र आवाजाचे ठिपके घेतं, सेकंदाला चव्वेचाळीस हजार, आणि वाजवताना त्यातनं रेघ फिरवतं.

त्यांनी विचार केला. "आनि एकांदा ठिपका चुकला तर?"

"एकानं कळत नाही. एक आख्खी ओळ चुकली तर कळतं."

हे मी सहज बोलले. सगुणाबाई कॅलेंडर वाचायला लागल्या.

आता माझी एक पद्धत आहे, ती पहिल्यापासूनची. गिऱ्हाइकाला आधी कॅसेट होती तशी ऐकवायची, मग साफ केलेली. तसं केलं नाही तर लोकांना वाटतं ह्या बाईनं काहीच केलेलं नाही, कॅसेट मुळातच चांगली होती. मी तेवढ्याच सवयीनं मूळ फाइल उघडली, मालूबाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवला, आणि शेवटचं गाणं लावलं.

"ह्या टोपीनं अंबाडा चेपतोय की," त्या ओरडल्या. हेडफोन घातला की सगळेच ओरडतात. बाहेर यांच्याकडचं गिऱ्हाईक हसलं.

गाणं सुरू झालं. आम्हाला बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त पडद्यावर दोन पट्ट्या डावीकडं सरकत होत्या. मालूबाईंनी खुर्चीच्या हातावर बोटानं ताल धरला. सर आईकडं बघत होते, चेहरा लहान पोरासारखा झालेला. अर्धं मिनिट गेलं असेल. बोट थांबलं.

मला वाटलं हेडफोनची वायर निसटली. मग ध्यानात आलं. उजवा कान. त्यांचा स्वतःचा आवाज, ती जाड खालची पट्टी, बंद पडलेल्या कानात जात होती. त्यांना ऐकू येत होती ती नुसती वरची, बारीक पट्टी.

मी ते थांबवू शकले असते. एक बटण होतं. आमचे हे आजही मधून मधून विचारतात, तुला खरंच आठवलं नव्हतं का गं तो कान? मी सांगते, नव्हतं आठवलं. बटणाबद्दल ते विचारत नाहीत.

मालूबाईंचे डोळे समोरच्या गादीवर. पडद्यावर चिंच गेली, शाळा गेली, पूल गेला. मग ती जागा आली, वरती लाट आणि खाली कोरं. गाणं संपलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी परत लावलं. सर पुढं वाकले, "आई, आवाज चांगला येतोय न्हवं?" असं विचारलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ह्या खेपेला ती जागा आली तेव्हा त्यांचे ओठ हलले, आणि मग आवाज आला. हेडफोनमधला ऐकत ऐकत, एक घोट मागं राहून, पंचवीस वर्षांपूर्वी जशा म्हणायच्या तशाच त्या म्हणाल्या:

गवर म्हनती समद्या आल्या,
दारामागं कोन गं हुबी

सगुणाबाईंनी पदर तोंडावर घेतला. "आक्का, ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "उत्तम, सही घे आनि चल. उशीर झाला." मग माझ्याकडं वळून, "पुसता येतंय म्हनाला हुता तुमी."

"पुसलेलं दुसऱ्या फाइलीत आहे," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, काकीकडं मात्र बघितलं नाही. "वैनी, गीतकार पारंपरिकच आहे ना तिथं?" त्यांनी हळू विचारलं. फॉर्म उघडाच होता. त्या रकान्यात पारंपरिक होतं, आणि त्याच्या शेवटी कर्सर उघडझाप करत होता.

मालूबाईंनी हेडफोन काढला नाही. दोन्ही हातांनी तो कानावर दाबून धरला, जसा काही कुणी काढून घेणार होतं. त्यांना आमचं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आपण किती मोठ्यानं बोलतोय हेही कळत नव्हतं. पुढं दुकानात यांनी कव्हरांच्या खोक्यावरचा हात थांबवलेला मला दाराच्या फटीतनं दिसला.

"दारामागं सगुणी हुती," मालूबाई म्हणाल्या. "मला आयकू आलंतं. त्या दिशीबी आलंतं. त्ये कडवं घेतलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, ही कोन, म्हनून म्या गिळलं. उत्तम, परवा सोप्यात आयकलं म्या, पारंपरिक काय नसतंय बाबा. समदी गानी हिची हायती. लिव तिचं नाव."